आमचं धाबं राहिलं

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या आली, तेव्हा दुपारी तीन वाजता तिने माजघरात चटई टाकली आणि पंखा न लावता झोपी गेली. बाहेर ओट्यावर पाय ठेववत नव्हता. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच माजघरात ती रात्रभर ओल्या पंच्याने मान पुसत बसली होती. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले, खरंच.

अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या गावात आमचं घर आहे. आजोबांनी बांधलेलं, पाच खणांचं. पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती, सागाचे खांब, वर धाबं, म्हणजे लाकडी कड्यांवर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. लहानपणी उन्हाळ्यात आम्हाला ‘घरात चला’ असं सांगावं लागायचं नाही, ऊन चढलं की आपोआप आत पळायचो.

मग 2012 च्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळलं. एका ठेकेदाराने सांगितलं, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा, चौकावर पत्रे टाका, धाब्यातले झरोके बुजवा, जन्मभराची काळजी मिटेल. आम्ही सगळं केलं. दुसऱ्याच वर्षी भिंतींना लोणा धरला आणि घर तापायला लागलं. वर गेलेली गरम हवा झरोक्यातून निघून जायची, तिला वाटच उरली नाही. चौकातले पत्रे दिवसभर तापून आतच आग ओकायचे.

आबांनी तर घर पाडायचंच मनात घेतलं होतं. “सगळी गल्लीमा स्लॅब पडनात, आपलंच घर माटीनं ऱ्हायनं,” म्हणायचे. पण शेजारच्या काकांकडे नवा स्लॅब पडला होता आणि ते मे महिन्यात रात्री अकरालाही अंगणात खाट टाकून बसलेले असायचे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. हातभर मातीतून उष्णता उतरेपर्यंत संध्याकाळ होते, आणि मग वरून गार वारा सुटलेला असतो. शाळेत विज्ञान शिकवते मी, आणि हे माझ्या डोक्यात यायला इतकी वर्षं लागली.

पारोळ्याकडचे एक म्हातारे मिस्तरी भेटले, मातीकाम जाणणारे. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, “बेटा, सिमेट ठेवशी त भीत मझारतीन सडी जाई.” म्हणजे सिमेंट ठेवलंस तर भिंत आतून सडेल. छिन्नीचे चार घाव घातले तर सिमेंटचा अख्खा पापुद्रा खाली आला. मागची माती ओलीगच्च होती, बोटाने उकरता येत होती. तिच्यावर मिठाच्या पांढऱ्या बारीक सुया उगवलेल्या. मातीची भिंत जमिनीतली ओल घेते आणि हवेत सोडून देते. आम्ही तिचं तोंडच बांधलं होतं.

तीन भिंती अशा सोलून महिनाभर वाळू दिल्या. मग माती, गव्हाचा भुसा आणि शेणाचा गिलावा, त्यावर चुना. चुन्याची गंमत सांगते. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यात सोडला की तो खदखदा उकळतो, डोळे सांभाळूनच हे करावं लागतं. पुढे भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कडक होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग मी दरवर्षी सातवीला करून दाखवते. तोच प्रयोग आता माझ्या भिंतीवर वर्षानुवर्षं चालू राहणार!

सगळ्यात मोठं काम धाब्याचं. दर मृगाच्या आधी वर खारी माती टाकायची रीत आहे. ती भिजली की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि पाणी वरच्या वर पन्हाळीकडे जातं. पण आम्ही जुनी न काढता नवी टाकत गेलो होतो. काही ठिकाणी दीड हात थर झाला होता. असं जड धाबं झडीच्या पावसात भिजून बसलं तर माणसं दडपतात, म्हणून कुणी धाबं राखणार असेल तर कळकळीने सांगते, आधी वरचं ओझं उतरवा. आम्ही ट्रॉलीच्या ट्रॉली माती खाली काढली. तीन कड्या वाळवीने पोखरलेल्या निघाल्या, त्या बदलल्या. त्यावर फळ्या, निंबाचा पाला, तुराट्या, चिखल आणि शेवटी चार बोटं खारी माती. झरोके उघडले, पावसासाठी वर काचेची झाकणं केली. चौकातले पत्रे भंगारात गेले.

विजेचं त्यानंतर बघितलं. लोक मला आधी सोलरचंच विचारतात, पण तापलेल्या घरात सोलर लावून एसी चालवण्यापेक्षा घर निववणं स्वस्त पडतं. जुने पंखे 75 वॅटचे होते, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 च्या आसपास घेतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, आणि जूनमध्ये दमट झालं की तो बंद करायचा. परसदारी न्हाणीवर छोटा स्लॅब आहे, तिथे 2 किलोवॅटचं सोलर बसवलं, तोंड दक्षिणेला. पीएम सूर्यघर योजनेत 60 हजारांची सबसिडी मिळाली. धाब्यावर पॅनेल ठेवायला मिस्तरींनी साफ नाही म्हटलं.

आबा आता पाहुण्यांना स्वतः हात धरून माजघरात नेतात आणि भिंतीला गाल लावायला सांगतात.

उत्तरेची भिंत अजून सिमेंटमध्येच आहे. मिस्तरींचे गुडघे दुखताहेत, दिवाळीनंतर येतो म्हणालेत. चुना जितका मुरतो तितका चांगला, म्हणून पिंपात आत्ताच भिजत घातलाय.