पंचवीस फेऱ्यांचा कागद

माझ्या नणंदेची मुलगी दिंडोरी तालुक्यातून आमच्याकडे नाशिकला आली ती पळायलाच. पहाटे साडेचारला उठायची, कुणाला हाक न मारता स्वतःचं दूध तापवून प्यायची आणि सायकल काढून मैदानावर. दीड वर्षात तिनं सराव बुडवला तो फक्त डेंग्यू झाला तेव्हा. अशा मुलीची एक शर्यत मोजणाऱ्यांच्या चुकीमुळे गेली. तिथून पुढे मी स्वतः लॅप, म्हणजे फेऱ्या, मोजणारी पंच कशी झाले, त्याची ही हकीकत.

शर्यत ५००० मीटरची होती. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या. ही अर्धी फेरीच घात करते. १०,००० मीटरची शर्यत जिथे संपते तिथूनच सुटते, पंचवीस फेऱ्या पूर्ण. ५००० ची सुटते मैदानाच्या पलीकडच्या अंगानं. म्हणजे मुली पहिल्यांदा फिनिश लाइनवरून जातात तेव्हा त्यांचे जेमतेम २०० मीटर झालेले असतात आणि अख्ख्या बारा फेऱ्या बाकी असतात. आमच्या पोरीच्या फेऱ्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांनी ती अर्धी फेरी एक म्हणून धरली. पुढचं सगळं एकानं चुकत गेलं. ती तिसरी पळत होती, पहिल्या तिघींची निवड होणार होती. तिला ओरडून सांगितलं, "लास्ट राऊंड!" तिनं जीव काढला. पुढच्या दोघींना मागे टाकलं, लाइन ओलांडली आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. बाकीच्या पळतच होत्या. मग कुणीतरी म्हणालं, "अगं, अजून एक आहे!" ती पुन्हा सुटली, पण पायात काही उरलं नव्हतं. पाचवी आली.

मी पंचांच्या टेबलाशी जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, खेळाडूनं आपले राऊंड आपण मोजायचे असतात." मला ते अजिबात पटलं नाही. अठरा वर्षांची मुलगी, श्वास लागलेला, समोर फक्त पुढचीची पाठ. तिनं मोजायचं, तर टेबलामागे खुर्च्या टाकून माणसं कशाला बसवलीत?

घरी ती काही बोलली नाही. रात्री मी तिला सांगितलं की अशी फसगत जगातल्या मोठ्यांचीही झालीय. २०१९ मध्ये लोझानच्या डायमंड लीग या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत इथिओपियाचा हागोस गेब्रहिवेत ५००० मीटरमध्ये एक फेरी बाकी असतानाच जिंकल्यासारखा थांबला आणि शेवटी दहावा आला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामी, त्याला परत शर्यत मिळाली असेल. मला पुढच्या वर्षीच." तेव्हाच माझं ठरलं.

पंचांचं प्रशिक्षण शिबिर लागलं तेव्हा मी नाव दिलं. चाळिशी उलटलेली, शाळेत असताना ८०० मीटर पळालेली, एवढीच माझी पुंजी. सोबत बरेचसे क्रीडाशिक्षक. बहुतेकांना स्टार्टर व्हायचं होतं, नाहीतर फोटो फिनिशवर बसायचं होतं. लॅप मोजायला कुणी हौसेनं येत नाही. सरांनी विचारलं, "हे का घेताय?" मी खरं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग एक पहिल्यांदा डोक्यात घ्या. मोजायचं नाही. लिहायचं."

याचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले. ५००० आणि त्याहून लांबच्या शर्यतीत लॅप स्कोअररला एक कागद मिळतो. त्यावर आपल्या वाट्याच्या खेळाडूंचे चेस्ट नंबर आणि खाली फेऱ्यांचे रकाने. एका पंचाकडे चारपेक्षा जास्त धावपटू द्यायचे नाहीत असा नियम आहे (चालण्याच्या शर्यतीत सहा). खेळाडू समोरून गेली की रकान्यात टिकमार्क करायचा नसतो, चालू घड्याळातली वेळ लिहायची असते. टिक चुकली तर ती चुकलेलीच राहते, कारण सगळ्या टिका सारख्याच दिसतात. वेळ मात्र स्वतःच बोलते. एखादी मुलगी दर फेरीला दीड मिनिट घेतेय आणि दोन नोंदींमध्ये एकदम तीन मिनिटांचं अंतर दिसलं, तर मध्ये एक फेरी लिहायची राहिली हे कागदच सांगतो. दोन नोंदी पाच-दहा सेकंदांच्या अंतरानं पडल्या, तर आपण दुसरीच मुलगी लिहिली. एवढी साधी गोष्ट आहे. ती त्या दिवशी कुणी केली असती तर!

फेऱ्यांच्या पाटीचंही तसंच. पाटीवरचा आकडा पहिली धावपटू शेवटच्या सरळ भागात शिरली की बदलतात. म्हणजे तो आकडा पुढच्यांचा. जी एक-दोन फेऱ्या मागे पडली आहे तिच्यासाठी ती पाटी खोटी असते. तिला हातानं, तोंडानं वेगळं सांगावं लागतं. आणि शेवटच्या फेरीची खूण प्रत्येक खेळाडूला मिळायला हवी, नुसती पहिलीला घंटा वाजवून भागत नाही.

सराव कुठे करायचा? सर म्हणाले, जागतिक स्पर्धांच्या पूर्ण शर्यती बघा, कागद घेऊन. मग आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर महिनाभर दर संध्याकाळी बायकांची १०,००० मीटर सुरू असायची. मी कागदावर, भाची स्टॉपवॉचवर आणि सासूबाई देवघरातली घंटा मांडीवर घेऊन. शेवटची फेरी आली की त्या वाजवायच्या, आणि मी सांगेपर्यंत वाजवायची नाही हे त्यांनी काटेकोर पाळलं.

पहिली घेतली ती रिओ ऑलिंपिकची, २०१६. इथिओपियाची अल्माझ अयाना. सरासरी काढली तर फेरीला सत्तर सेकंद आणि थोडं. सत्तर सेकंदांत मी पोळी लाटून तव्यावर टाकते, भाजूनही होत नाही. अर्धी शर्यत झाल्यावर ती एकटी पुढे निघाली आणि २९ मिनिटं १७.४५ सेकंदांत आली. चीनच्या वांग जुनशियाचा १९९३ सालचा २९:३१.७८ चा विक्रम तेवीस वर्षं कुणाला हलला नव्हता, आणि त्या दिवशी दुसरी आलेली व्हिव्हियन चेरुइयोटसुद्धा त्याच्यापासून पाऊण सेकंदावर होती. चौघी अर्ध्या तासाच्या आत. २०२४ मध्ये केनियाच्या बिएट्रिस चेबेटनं अमेरिकेत युजीनला हा विक्रम २८:५४.१४ वर नेला, एकोणतीस मिनिटांच्या आत आलेली ती पहिली बाई.

सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांनी विचारलं, "ह्या बायका पूर्वीपासून एवढं पळतात?" मी सांगितलं, आई, तुमचा जन्म झाला तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे शर्यतच नव्हती. १९२८ मध्ये एकदा ८०० मीटर ठेवली होती, बायकांना झेपत नाही म्हणून बंद केली ती थेट १९६० पर्यंत. १०,००० आली १९८८ मध्ये, सोलला. त्या घंटा हातात धरून म्हणाल्या, "झेपत नाही म्हणे. आम्ही डोक्यावर दोन हंडे घेऊन किती चालायचो ते कुणी मोजलं होतं?"

मग आमची, म्हणजे नाशिकची पाळी. कविता राऊत. सावरपाड्याची मुलगी, भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर तयार झालेली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं ३३:०५.२८ मध्ये ब्राँझ घेतलं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. त्या वेळी नाशिकमध्ये पेढे वाटलेले मला आठवतात. पण कागदावर मांडल्यावर मला त्याहून मोठं काही दिसलं. नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तीच कविता ३१:५१.४४ पळाली. दीड महिन्यात चौऱ्याहत्तर सेकंदांचा फरक. त्या वेगाची एक फेरी साधारण शहात्तर-सत्त्याहत्तर सेकंदांची. म्हणजे दिल्लीतली कविता आणि ग्वांगझूतली कविता एकाच ट्रॅकवर सोडल्या असत्या, तर दुसरीनं पहिलीला जवळजवळ एक अख्खी फेरी मागे टाकलं असतं. आणि तरीही ती दुसरी आली. सुवर्ण केरळच्या प्रीजा श्रीधरनला, ३१:५०.४७. पंचवीस फेऱ्यांनंतर एक सेकंदसुद्धा अंतर नाही. भाचीनं तो कागद घडी करून आपल्या बॅगेत ठेवला.

टोकियो २०२५ ची जागतिक स्पर्धेतली शर्यत रिओच्या अगदी उलटी. चेबेट जिंकली, पण ३०:३७ मध्ये. सुरुवातीला घोळका एकत्र, आणि शेवटी इटलीची नादिया बात्तोक्लेत्ती सेकंदभराच्याही आत तिच्या मागे. लिहिणाऱ्याला ही जास्त अवघड. एकदम पंधरा जणी लाइनवरून जातात, नंबर एकमेकींच्या आड जातात, आणि वेळ सगळ्यांची तीच.

पण टीव्हीनं एक गोष्ट शिकवली नाही. कॅमेरा पुढच्यांबरोबर जातो. मागच्या मुली फक्त तेव्हा दिसतात, जेव्हा पुढच्या त्यांना ओलांडतात. मी चार नंबर निवडायचे आणि त्यातले दोन गायबच. रिओच्या शर्यतीत तीसच्या वर बायका होत्या, त्यातल्या कितीतरी जणी पुढच्यांपेक्षा अख्खी फेरी मागे पडल्या, आणि माझ्या कागदावर त्यांचे रकाने रिकामे. खरा सराव शेवटी भाचीच्या ग्रुपवरच झाला. रविवारी पहाटे थंडीत स्वेटरवर शाल घेऊन मी फक्की मारलेल्या मातीच्या ट्रॅकवर बसायचे आणि मुली टाइम ट्रायल पळायच्या. तिथे मला कळलं की मागच्या मुलीकडे सतत बघत राहावं लागत नाही. तिची फेरी एकशे पाच सेकंदांची असेल, तर शंभराव्या सेकंदाला मान वर करायची. ती येतेच.

परीक्षा झाली, लेखी आणि तोंडी. पास झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते पहिल्या ड्यूटीचं.

महिलांची १०,००० मीटर, दुपारनंतरची. माझ्याकडे चार नंबर. त्यातली एक मुलगी सुरुवातीपासून शेवटी. सुरगाण्याकडची, अंगावर शाळेचाच टी-शर्ट, बूट दुसऱ्या कुणाचे तरी असावेत, कारण टाचेत कापड कोंबलेलं दिसत होतं. फेरीला एकशे आठ सेकंदांच्या आसपास. दर वेळी जाताना माझ्याकडे बघून विचारायची, "मॅडम, किती?" मी बोटं दाखवून आकडा ओरडायचे. पाटीकडे बघू नकोस, हे मी तिला सहाव्या फेरीला सांगितलं.

पहिली मुलगी ३८:१० ला आली. तोपर्यंत तिनं सुरगाण्याच्या मुलीला तीनदा मागे टाकलं होतं. टाळ्या, फोटो, आणि लोक ट्रॅकवर उतरायला लागले. मुख्य पंचांनी विचारलं, "हिच्या किती राहिल्या?" शेजारचे सर म्हणाले, तीन. मी नोंदी मोजल्या. वीस. म्हणजे पाच राहिल्या. तोंडातून "पाच" निघणारच होतं, तेवढ्यात शिकवलेलं आठवलं आणि मी वेळा वाचल्या. २६:५४. २८:४१. आणि त्याच्या खाली ३२:१९. तीन मिनिटं अडतीस सेकंद! सतराव्या फेरीला पाण्याचे कॅन घेऊन दोघं जण माझ्यासमोरून गेले होते, त्यांच्याआडून ती गेली असणार. चूक माझीच होती. नोंदी वीस, पण फेऱ्या एकवीस.

"चार," मी म्हणाले. मुख्य पंचांनी कागद हातात घेतला, ३२:१९ वर बोट ठेवलं, वरच्या आकड्यावर ठेवलं, मनात वजाबाकी केली. "चार," ते म्हणाले आणि ट्रॅकवरच्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं.

त्या चार फेऱ्या ती जवळपास एकटी पळाली. स्पीकरवर पुढच्या शर्यतीची पुकार चालू होती. मी घंटेशी जाऊन उभी राहिले. ४३:१० ला ती आली, नेहमीसारखं बघितलं, आणि मी विचारायची वाट न बघता घंटा वाजवली. तिची मान वर झाली. ती फेरी तिनं एकशे दोन सेकंदांत काढली, अख्ख्या शर्यतीतली सगळ्यात जलद. ४४:५२.

सामान आवरताना ती टेबलाशी आली. हातात बूट, टाचेला सालं गेलेली. "मॅडम, तुम्ही काय लिहीत होता?" मी कागद तिच्याकडे फिरवला. तिनं आपला नंबर शोधला आणि रकान्यावरून बोट खाली नेत गेली. तिच्या वेळा आजवर कुणी लिहिल्याच नव्हत्या, तिला माहीत असायचा फक्त कितवा नंबर आला तो. अकराव्या फेरीवर बोट थांबलं.

"इथं माझ्या पोटात दुखत होतं," ती म्हणाली. "हे पण आलंय." मग गाळलेल्या रकान्याकडे बघून विचारलं, "आणि इथं?"

"तिथं तू पळालीस, मी लिहायला चुकले," मी सांगितलं.

तिनं मैत्रिणीचा फोन मागून घेतला आणि त्या रकान्याचा फोटो काढला, वरपासून खालपर्यंत, दोनदा.