वाचताना जबडा उडतो तेव्हा

वाचता वाचता जबड्याला बारीकसा हिसका बसतो, दातावर दात आपटल्यासारखं टक्‌ होतं, मोठ्याने वाचत असेल तर एखादा शब्द अडखळतो. ज्याला हे होतं तो बहुधा म्हणतो, थकवा असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि पुढे वाचत राहतो. घात इथेच होतो. वाचनाने येणाऱ्या अपस्मारात हा हिसका म्हणजेच छोटी फिट. तेव्हाच थांबलं तर बहुतेकदा गोष्ट तिथेच मिटते. रेटून वाचलं तर हिसके वाढत जातात आणि शुद्ध हरपून सगळं अंग आखडणारी, झटके देणारी मोठी फिट येऊ शकते.

मेंदूचे अभ्यासक बिकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली या प्रकाराचं वर्णन केलं. सुरुवात साधारण किशोरवयात किंवा विशीच्या आसपास होते, मुलग्यांमध्ये जास्त. इथे दोष डोळ्यांचा नाही. अक्षर ओळखणं, त्याचा उच्चार मनात जुळवणं, अर्थ लावणं, तोंडाच्या स्नायूंची तयारी, ही सगळी कामं मेंदू एका वेळी करत असतो. भाषेचं हे जाळं मुळातच उत्तेजित असेल तर त्यावरचा ताण एका मर्यादेपलीकडे जातो आणि हिसका उमटतो. म्हणून मोठ्याने वाचणं, अवघड मजकूर, सवय नसलेली भाषा, काहींना तर संगीताची स्वरलिपीसुद्धा जास्त बाधते. काही जणांना तावातावाने बोलताना किंवा लिहितानाही तसंच होतं.

निदान हुकण्याचं मोठं कारण म्हणजे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींचा आलेख. एरवी काढलेला आलेख पुष्कळदा अगदी नॉर्मल येतो, आणि ‘काही नाही’ असं समजून माणूस घरी परततो. तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा की त्रास वाचतानाच होतो, आणि आलेख चालू असताना वाचू द्या अशी विनंती करा. ज्या पुस्तकाने हिसके आले तेच सोबत न्या. पहिल्या दोन पानांत काही झालं नाही तरी वाचन लवकर आटोपू नका, कारण हिसके यायला वेळ लागू शकतो. घरच्यांनी मोबाईलवर चेहऱ्याचा जवळून, चांगल्या उजेडात, आवाजासह व्हिडिओ घेतला तर फार उपयोग होतो. तोतरेपणा किंवा सवयीचा चाळा समजून वर्षं वाया जाण्यापेक्षा हे बरं.

वहीत चारच गोष्टी टिपा: काय वाचत होतो, मनात की मोठ्याने, किती मिनिटांनी हिसका आला, आदल्या रात्री झोप किती झाली. झोप कमी पडली की सहनशक्ती घटते.

हिसका आला की नजर पानावरून काढा, पुस्तक मिटा, लगेच पुन्हा सुरू करू नका. क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटॅम ही औषधं यात वापरली जातात. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट बाळाला अपाय करू शकतं, तेव्हा मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी आधीच डॉक्टरांशी बोलावं. गोळ्या बऱ्या वाटल्या म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्यानेच मोठी फिट ओढवते.

वाचनाखेरीज फिट आणणाऱ्या गोष्टींत लुकलुकता उजेड हे सगळ्यांत परिचित कारण. सेकंदाला साधारण १५ ते २५ वेळा लुकलुकणारा प्रकाश जास्त धोक्याचा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉन या टीव्हीवरच्या कार्टून मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. अशा वेळी नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांमधून प्रकाश आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा. दोन्ही डोळ्यांतून एकदम येणारा मारा तुटला की परिणाम बराच कमी होतो.

डोक्यावरून गरम पाणी ओतल्याने येणारी फिट दक्षिण भारतात विशेष आढळते. अशांनी पाणी कोमट ठेवावं, डोकं आणि अंग वेगवेगळं धुवावं, कडी न लावता आंघोळ करावी. काहींना डॉक्टर आंघोळीआधी घ्यायला क्लोबाझाम हे फिट रोखणारं औषध देतात. विशिष्ट संगीत, अचानक दचकणं किंवा जेवणसुद्धा कुणाकुणाला कारण ठरतं, पण हे विरळ.

मोठी फिट आलीच तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटं उलटली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, तर रुग्णवाहिका बोलवा.