उंच केलेल्या गाडीचे अप्पर आर्म आणि कोकणची खारी हवा

गाडी दोन इंच उंच करून घेतली की पाठोपाठ पुढच्या चाकांना वरून गाडीच्या सांगाड्याशी (चेसिसशी) जोडणारे अप्पर आर्मही बदललेच पाहिजेत, असा समज आमच्याकडच्या फोर-बाय-फोरवाल्यांत आता पक्का झाला आहे. मला तो अर्धाच पटतो. आर्म बदलण्याची गरज गाडीपरत्वे ठरते. आणि बदलायचेच ठरले, तर कोणते घ्यावेत याचे उत्तर कुडाळला एक आणि जैसलमेरला दुसरे असू शकते.

जिम्नी किंवा जिप्सी असलेल्यांना हा प्रश्नच पडत नाही, कारण त्यांच्या पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल आहे. २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, हायलक्स, व्ही-क्रॉस या गाड्यांना मात्र पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडे जोडणारा, सगळ्या दिशांना वळणारा सांधा) खालच्या जॉइंटपेक्षा किंचित मागे ठेवलेला असतो. या मागे झुकलेल्या रेषेचा कोन म्हणजे कॅस्टर, आणि वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येते ते मुख्यतः त्याच्यामुळे. लांब स्प्रिंग किंवा स्पेसर घालून गाडी उंच केली की दोन्ही आर्म कायमचे खाली झुकतात, कॅस्टर घटतो आणि वरचा बॉल जॉइंट उभ्या गाडीतच आपल्या हालचालीच्या टोकाजवळ जाऊन बसतो. मग महामार्गावर नव्वदच्या वेगाला गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि आंबोलीच्या वळणांवर स्टीअरिंग हाताने परत आणावे लागते.

ही लक्षणे नसतील आणि अलाइनमेंटच्या (चाकांच्या कोनांच्या मोजणीच्या) कागदावर कॅस्टर आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाक आत-बाहेर कललेले असते तो कोन) दोन्ही कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील, तर मूळचे आर्म खुशाल राहू द्यावेत. दीड इंचापर्यंत उंच केलेल्या बऱ्याच गाड्यांचे खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर, म्हणजे फिरवून कोन जुळवायच्या बोल्टवर, भागून जाते. दोन इंचांच्या पुढे मात्र एक तपासणी करावीच. चेसिसला जॅक लावून पुढची दोन्ही चाके लोंबती सोडावीत आणि टॉर्च घेऊन आत पाहावे. आर्म स्प्रिंगला टेकत असेल, किंवा बॉल जॉइंटचा दांडा आपल्या कपाच्या कडेला घासल्याची चकाकणारी खूण दिसत असेल, तर आर्म बदलण्याला पर्याय नाही. त्याच वेळी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते का, हेही पाहून घ्यावे.

विक्रेते सर्वांत जास्त बोलतात ते आर्मच्या मजबुतीविषयी, आणि माझ्या मते तेच सर्वांत कमी महत्त्वाचे आहे. वर सांगितलेल्या गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअब खालच्या आर्मवर बसतात, त्यामुळे गाडीचे वजन खालचा आर्म पेलतो. वरच्याचे काम चाकाला दिशा आणि कोन देण्याचे. म्हणून जाड पाइप पाहून भुलू नये. पाहायचे ते हे की आर्ममध्ये कॅस्टरची दुरुस्ती मुळातच केलेली आहे का (२ ते ४ अंशांची दुरुस्ती अनेक उत्पादक देतात), आणि टोकाला जॉइंट कोणता आहे.

जॉइंटच्या बाबतीत परदेशी व्हिडिओ पाहून युनिबॉलचा मोह होतो. चाकाला खूप खोलवर लोंबू देणारा हा जॉइंट वाळवंटातल्या शर्यतींसाठी उत्तम आहे, पण त्याचा पोलादी गोळा आणि त्याभोवतीचे टेफ्लॉनचे अस्तर बहुतेक नमुन्यांत उघडेच असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याचा तांबडा चिखल वाळला की पॉलिश पेपरसारखा घासतो. किनाऱ्यावर गाडी घालणे मला मुळीच मान्य नाही, वेळासपासून वायंगणीपर्यंत कासवांची घरटी असतात तिथे तर नाहीच. पण धोपावे किंवा तवसाळच्या फेरीबोटीत चढता-उतरतानाही चाकाला खारे पाणी लागतेच. आमचे मेस्त्री एका वाक्यात सांगतात, "वाळू आत गेली काय जॉइंट गेलो." अस्तर झिजले की युनिबॉल प्रत्येक खड्ड्यात टकटक वाजू लागतो.

म्हणून इथल्या वापरासाठी माझी पसंती रबरी बूट असलेल्या, ग्रीस निपल दिलेल्या, वाढीव कोनाच्या बंद बॉल जॉइंटला आहे. बूट फाटला आहे का, एवढे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहावे. हा जॉइंट वेगळा काढून बदलता येतो का आणि तो सुटा मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नाहीतर पुढे एका जॉइंटपायी अख्खा आर्म मागवावा लागतो.

आर्म आतल्या बाजूला चेसिसला जोडतो तिथल्या बुशचेही असेच आहे. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून विकले जातात, पण ग्रीस धुऊन गेले की ते जुन्या दरवाजासारखे करकरतात, आणि आमच्याकडे ग्रीस धुऊन जायला आषाढ पुरतो. साधे रबरी बुश आवाज करत नाहीत, त्यांना ग्रीसही लागत नाही. त्यांची अट एकच, ती बसवताना पाळावी लागते आणि नेमकी तीच गॅरेजमध्ये विसरली जाते: बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळू नये. चाके जमिनीवर टेकून गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी राहिली की मगच टॉर्क रेंच लावावा. लोंबत्या स्थितीत आवळलेले रबर पुढे कायम पिळलेले राहते आणि अकाली फाटते.

धातूविषयी थोडक्यात. पोलादी पाइपचा आर्म घेतला तर पावडर कोटिंग दगड लागून जिथे उडते तिथून गंज आत सरकतो, म्हणून वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि निचऱ्याच्या भोकाजवळ दर पावसाळ्यापूर्वी अँटीरस्टचा हात मारावा. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म स्वतः गंजत नाही, पण त्यातले पोलादी बोल्ट खाऱ्या हवेत जाम होऊन बसतात.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे, तेव्हा उंची वाढवण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे बरे.

आर्म बसले की त्याच दिवशी अलाइनमेंट करावे आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही छापील कागद जपून ठेवावेत. केवळ टो (वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) जुळवून गाडी बाहेर काढणाऱ्या दुकानात जाऊ नये. कॅस्टरचा आकडा डावा-उजवा वेगवेगळा दाखवायला सांगावे, कारण ज्या बाजूला तो कमी असतो त्या बाजूला गाडी ओढते.