हा पॉलिकार्प कोण? तुम्ही विचारलंत म्हणून

मराठी माणसाच्या नावात बापाचं नाव मध्ये येतंच. त्यामुळे हा प्रश्न मला शाळेच्या पहिल्या दिवसापासून चिकटलाय. बँकेत, रेशनच्या रांगेत, पासपोर्टच्या खिडकीशी. "मधलं नाव पुन्हा सांगा. पॉली... काय?" एकाने तर हसत विचारलं होतं, "वडील प्लास्टिकच्या धंद्यात होते का?" एरवी मी 'संताचं नाव आहे' एवढं सांगून सही करतो आणि मोकळा होतो. पण परवा तुम्ही ऐकून घ्यायच्या इराद्याने विचारलंत, म्हणून बैजवार सांगतो.

पप्पांचा जन्म वसईतला, स्वातंत्र्याच्या आधीचा, तारीख २६ जानेवारी. त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचं नाव बाळाला ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. रोमन कॅथलिक चर्चच्या तेव्हाच्या कॅलेंडरात २६ जानेवारी पॉलिकार्पची होती. पुढे त्याच तारखेला प्रजासत्ताक आलं आणि पप्पांच्या वाढदिवसाला अख्ख्या देशाला सुट्टी मिळू लागली. १९६९ साली रोमने कॅलेंडर दुरुस्त केलं, संताला २३ फेब्रुवारीला हलवलं. पप्पा हलले नाहीत.

नाव ग्रीक, अर्थ 'भरपूर फळं देणारा'. माणूस स्मुर्ण्याचा बिशप. बायबलात प्रकटीकरणाच्या पुस्तकात जे स्मुर्णा येतं तेच, आजचं तुर्कस्तानातलं इझ्मिर. ल्योंचा बिशप इरेनियस लहानपणी त्याच्या पायाशी बसून शिकलेला. म्हातारपणी तो एका पत्रात लिहितो की, पॉलिकार्प कुठे बसून बोलायचा, कसा यायचा-जायचा, योहानाच्या आठवणी कशा सांगायचा, हे मला अलीकडच्या गोष्टींपेक्षा जास्त स्पष्ट आठवतं. म्हणजे येशूला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून ऐकलेलं हा सांगायचा. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस साखळदंडात रोमकडे मरायला निघाला होता, त्याने वाटेतून पॉलिकार्पला पत्र पाठवलं, त्यात लिहिलं: घाव सोसणाऱ्या ऐरणीसारखा उभा राहा. तेव्हा पॉलिकार्प ऐन उमेदीत असेल. घाव पडायला पुढे चाळीसेक वर्षं गेली.

साल १५५ च्या आसपासचं. स्मुर्ण्यात ख्रिस्ती लोकांची धरपकड चालू होती. क्विंटस नावाचा एक जण स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि श्वापदं दिसताच त्याचं अवसान गळालं. सम्राटाच्या नावाने धूप घालून तो सुटला. हे सगळं ज्या पत्रात आहे ते स्मुर्ण्याच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला लिहिलं होतं, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की, स्वतःहून पकडून देणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही. मला हे वाक्य फार आवडतं. हौतात्म्याची हौस नसावी, असं हुतात्म्याचीच माणसं सांगतात.

पॉलिकार्पही लोकांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या एका शेतघरात जाऊन राहिला होता, मग दुसऱ्या. एका गुलाम पोराला मारहाण करून शिपायांनी पत्ता काढला. शुक्रवार, संध्याकाळच्या जेवणाची वेळ. हत्यारबंद घोडेस्वार दरोडेखोराला धरायला यावं तसे आले. म्हातारा माडीवर होता. अजूनही निसटता आलं असतं. तो खाली उतरला, शिपायांशी बोलला, आणि त्यांना हवं तेवढं खायला-प्यायला वाढा असं घरच्यांना सांगितलं. स्वतःसाठी फक्त तासभर प्रार्थनेला मागितला. शिपाई जेवत होते आणि हा उभा राहून आयुष्यात भेटलेल्या लहानथोर प्रत्येकाची आठवण काढत होता. तासाचे दोन तास झाले. काहींना वाटलं, अशा माणसाला धरायला आपण उगाच आलो.

पुढे त्याला ज्या चितेवर चढवलं तिच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला पॉलिकार्प दिसतो तो जिन्यावरून उतरताना, 'आधी जेवून घ्या' म्हणणारा.

वाटेत शहराचा पोलीसप्रमुख हेरोद आणि त्याचा बाप निकेतेस यांनी त्याला आपल्या गाडीत घेतलं. अगदी मायेनं समजावलं. 'कैसर, म्हणजे सम्राट, प्रभू आहे' म्हण, चिमूटभर धूप टाक. म्हणायला काय जातं? तो आधी गप्पच होता. शेवटी म्हणाला, तुम्ही सांगता ते मी करणार नाही. मग माया संपली. गाडीतून इतक्या घाईने उतरवलं की नडगी सोलवटली. मागे न बघता तो स्टेडियमकडे चालू लागला.

तिथला प्रकार तुम्हाला गमतीचा वाटेल. ख्रिस्ती लोकांवर आरोप होता नास्तिक असल्याचा! देऊळ नाही, मूर्ती नाही, नगराच्या देवांना मान नाही. राज्यपाल म्हणाला, "नास्तिकांचा नाश होवो, असं म्हण." पॉलिकार्पने सगळ्या गर्दीवर नजर फिरवली, तिच्याकडे हात केला, उसासा टाकला आणि म्हणाला, नास्तिकांचा नाश होवो.

मग ते प्रसिद्ध उत्तर. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो, म्हटल्यावर तो म्हणाला, "८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही. माझ्या राजाची निंदा मी कशी करू?" लोकांनी सिंह मागितला. खेळ संपलेत, आता नाही जमणार, असं खेळांचा प्रमुख फिलिप म्हणाला. सरकारी कामकाज तेव्हाही तसंच. मग त्याला जाळायला लोकांनी कारखान्यांतून, हमामांतून लाकडं गोळा केली. म्हातारा वाकून वहाणा सोडू लागला, पण त्याला ते जमेना. एरवी भक्तच धावून सोडायचे.

पुढचं पत्र सांगतं तसं सांगतो. आग शिडासारखी फुगली, त्याला शिवली नाही, भट्टीतल्या पावासारखा वास आला, मग खंजीर खुपसावा लागला. एक कबूतर उडाल्याचाही उल्लेख आहे, पण चौथ्या शतकातल्या युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात हेच पत्र दिलंय, त्यात कबूतर नाही. मी कबूतर सोडून देतो. पावाचा वास मात्र मला सोडवत नाही.

लोकांनी अस्थी वेचून नेल्या आणि दरवर्षी तिथे जमून त्याच्या मरणाचा दिवस, स्वर्गातला जन्म मानून, 'जन्मदिवस' म्हणून साजरा करायचं ठरवलं. पत्रात दिलेली मरणाची तारीख रोमन पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारी येते. संताची तारीख हलली ती ह्यामुळे. हे मी पप्पांना एकदा साग्रसंगीत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. २३ फेब्रुवारी त्याचा वाढदिवस. माझा २६ जानेवारीला."