कल्पना पटते, तरी मान हलत नाही

आज मीटिंगमध्ये पुन्हा तेच. नोंदी कॉम्प्युटरवर होतातच, मग त्याच हाताने रजिस्टरमध्ये कशाला उतरवायच्या, एवढा साधा मुद्दा. वेळ किती वाचेल तेही मांडून दाखवलं. सगळ्यांना पटलं. तरी गाडं "बघू, घाई नको" इथेच रुतलं. एकाने तर जांभई देत विचारलं, "आजवर काही अडलंय का?"

लोक हट्टी आहेत असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण साहेबांचं बोलणं आठवलं की वाटतं, त्यांचं गणितच वेगळं आहे. जुन्या पद्धतीत घोळ झाला तर "चालायचंच" म्हणून सुटता येतं. नव्या पद्धतीत झाला की पहिला प्रश्न, सही कुणाची? फायदा सगळ्यांत वाटला जातो, बोल मात्र एकालाच लागतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की कमावल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त बोचतं. साहेबांनी ते वाचलेलं नसेल, पण अनुभवलेलं नक्की आहे.

रजिस्टर सांभाळणाऱ्या मॅडमचं प्रकरण याहून अवघड. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, अर्धवट राहिलेल्या प्रकरणाभोवती लाल गोल, फाटलेल्या पानाला मागून चिकटपट्टी. मी "दुबार काम" म्हणालो तशी त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी फुकटच लिहीत बसले?" असं कुणी म्हटलं नव्हतं. पण माझ्या प्रस्तावाचा त्यांना लागलेला अर्थ तोच होता, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

सेमेलवाइस या डॉक्टरचंही असंच झालं. व्हिएन्नाच्या रुग्णालयात त्याच्या प्रसूती विभागात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि उन्हाळ्यात तो आकडा एक-दोनवर आला. याहून सज्जड पुरावा काय हवा? पण डॉक्टरांना त्यात ऐकू आलं ते एवढंच: बायका तुमच्या हातांनी मेल्या. कोण कबूल करणार? शिवाय असं का होतं, या रास्त प्रश्नाला त्याच्याकडे "प्रेतातले कण" यापलीकडे उत्तर नव्हतं. जंतूंचा सिद्धान्त अजून रुजायचा होता. सविस्तर पुस्तक त्याने काढलं १८६१ मध्ये, आणि मग खुल्या पत्रांतून विरोधकांना खुनी ठरवलं. तो बरोबर होता, पण अशा पत्रांनी कुणाचे हात धुतले जात नाहीत.

सोमवारी प्रस्ताव नव्याने मांडणार. आधी एकाच विभागात, रजिस्टर चालू ठेवून. बिघडलं तर जबाबदारी माझी, हे लेखी. मॅडमच्या खुणांचा अर्थ त्यांच्याकडूनच समजून घ्यायचा आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळा रकाना करायचा. सर्व्हर बंद पडला तर काय, हा साहेबांचा प्रश्नही नीट सोडवायला हवा.

जांभईवाल्यावर मात्र उपाय नाही. त्याला ना भीती, ना माया; त्याला फक्त मीटिंग संपायला हवी होती.