प्रबंध गेला

फिलाडेल्फिया, रात्रीचे पावणेबारा.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी प्रबंध अपलोड केला. एकशे चार पानं. स्क्रीनवर ‘मिळाला’ एवढंच आलं. मी लॅपटॉप मिटला आणि कुकर लावला. वरणाला फोडणी घालताना डोळे भरून आले, तेव्हा हे जेवणाच्या टेबलाजवळून म्हणाले, “झालं ना आता? रड निवांत.” मग रडले.

पाच वर्षं लागली. दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी, आठवड्यातून एक संध्याकाळ वर्ग, सेमिस्टरला एकच विषय. ग्रॅज्युएट लिबरल स्टडीज म्हणजे नक्की काय, हे कल्याणला घरी फोनवर समजावताना मी दरवेळी अडखळायचे. इतिहास, साहित्य, विज्ञान, तत्त्वज्ञान असं सगळं कुंपणं न घालता शिकायचं आणि शेवटी स्वतःला छळणाऱ्या एका प्रश्नावर प्रबंध लिहायचा. कनेटिकटच्या वेस्लियन विद्यापीठाने १९५३ साली असा अभ्यासक्रम पहिल्यांदा सुरू केला. माझ्या वर्गात एक निवृत्त नर्स होती, एक बस चालवणारे गृहस्थ होते. पोटासाठी शिकायचं आमचं सगळ्यांचं शिकून झालं होतं. अशा वर्गात बसायला मिळणं हे भाग्य आहे, असं मला आजही वाटतं.

माझा प्रश्न आईने दिला. दुसऱ्या वर्षी तिला सांगितलं, की आनंदीबाई जोशी ज्या वूमन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या ते इथलंच, फिलाडेल्फियातलं, आणि त्यांचा पदवीचा प्रबंध ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलाय. आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, तिच्याबद्दल आपण शाळेपासून ऐकतोय. पण तिने लिहिलं काय होतं, ते कुणी सांगितलंच नाही की!”

खरंच. आम्ही कल्याणच्या पोरी. आनंदीबाई आमच्या गावच्या, म्हणून शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिलेल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं बाळ, १८८३ चा बोटीचा प्रवास, ११ मार्च १८८६ ला पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. सगळं तोंडपाठ. हळहळून झालं की पुस्तक मिटायचं. पण वीस-एकवीस वर्षांची ती मुलगी विद्यार्थिनी होती. तिला विषय निवडावा लागला असेल, पुस्तकं जमवावी लागली असतील, परक्या भाषेत वाक्य जुळवावं लागलं असेल. तिने विषय निवडला तो आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. एकीकडे आयुर्वेदातले संदर्भ, दुसरीकडे अमेरिकन वैद्यकाची पुस्तकं.

हाताने लिहिलेली ती पानं मी पहिल्यांदा स्क्रीनवर मोठी करून पाहिली, तेव्हा वाचायला सुरुवातच होईना. नुसती अक्षरंच बघत राहिले.

विषय पक्का झाला तेव्हा गाईडनी पहिल्या मसुद्यावर एकच शेरा मारला होता: या लिखाणात आदर फार आहे, वाचन कमी. लागलं मला. दोन दिवस फाईल उघडली नाही. पण त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा आरतीच ओवाळत होते. चाळीस पानं काढून टाकली आणि तिचं एकेक पान असं वाचायला लागले, जसा शेजारच्या बाकावरच्या मुलीचा पेपर वाचावा. कुठे ती ठाम आहे, कुठे सावध आहे, आपल्याकडचं काय ती परक्यांसमोर मानाने मांडते आहे.

तिसऱ्या प्रकरणाने सर्वांत जास्त दमवलं. आईच्या आठवणीतलं बाळंतपण मला त्यात आणायचं होतं. रविवारी फोन लावून ती सांगायची आणि मी टिपून घ्यायचे: दाराला जाड पडदा, खाटेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, पहाटे तेल लावायला येणारी बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आणि “बाळंतिणीच्या खोलीत” म्हणताना तिचा आवाज आपोआप हळू व्हायचा. त्या खोलीला इंग्रजी शब्द शोधण्यात माझा अख्खा आठवडा गेला. ‘लाइंग-इन रूम’ लिहिलं. अर्थ आला, पण ओव्याचा वास काही आला नाही. तेव्हा वाटलं, इथे बसून लिहिताना आनंदीबाईंचंही असंच अडलं असेल का?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला जाऊन आलो. ज्या थिओडिशिया कार्पेंटर मावशींनी तिला लेकीसारखं घरात ठेवलं, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिच्या अस्थी आहेत. दगडावर नाव आहे, नावापुढे एम.डी. आहे, इंग्रजी आडनावाच्या शेवटी दोन ‘ई’ आहेत. तिच्या प्रबंधाबद्दल काही नाही. कुठल्याच दगडावर ते नसतं, हे मला कळतं. तरी वाईट वाटलं. गवतात बसून मी यांना तिचं एक पान वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

जेवण झाल्यावर आईला फोन केला. तिकडे सकाळ. “दिलास?” म्हणाली. दिला, म्हटलं. “मग आता मला मराठीत दे. डोळे आहेत तोवर वाचते.”

म्हणून भांडी तशीच ठेवून बसले. तिसऱ्या प्रकरणापासूनच सुरुवात केली. दीड पान झालंय. ‘लाइंग-इन रूम’पाशी आले, ‘बाळंतिणीची खोली’ लिहिलं आणि न थांबता पुढच्या ओळीवर गेले.