माथ्यावर तासभर थांबलो आणि उतार जमला

तिसऱ्या खेपेला हा डोंगर स्कीवरून मनासारखा उतरता आला. वसंत सरत आलाय, खालचा बर्फ गेलाय, त्यामुळे पहिला दीड तास स्की पाठीवर. रात्री 2 ला निघालो तेव्हा आभाळ निरभ्र होतं. यावर माझी सगळी भिस्त होती. ढग नसले की बर्फातली उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि हवा शून्याच्या जराशी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. बर्फाच्या पहिल्या पट्ट्यावर बूट टेकवला, कर्र वाजलं, टाच रुतली नाही. वर जायचं नक्की झालं.

उतार 30 अंशांच्या पुढे गेला तशा स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) निसटायला लागल्या. मागच्या खेपेला मी तिथे हट्टाने झटापट करून दम घालवला होता. या वेळी सपाट जागा दिसताच स्की बॅगेला अडकवल्या, पायात क्रॅम्पॉन्स, म्हणजे बुटाखालचे अणकुचीदार काटे, चढवले, हातात आइस-ॲक्स घेतली. हा बदल लवकर करा, उभ्या उतारावर फार जिवावर येतो.

8:15 ला माथा. गेल्या वर्षी इथून लगेच निघालो होतो, काचेसारख्या बर्फावर एज, म्हणजे स्कीची धारदार कड, धरेना आणि पन्नासेक मीटर घसरत गेलो. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून थांबलो. दर दहा मिनिटांनी कडेला जाऊन पोल टोचायचा. आधी टणक आवाज, मग वरचा थर जरा दबायला लागला. 9:15 ला आग्नेयेकडच्या उतारावर हात फिरवला तर वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे, ओलसर, जाड्या मिठासारखे दाणे आणि खाली घट्ट पाया. दिवसा वितळून रात्री गोठण्याच्या फेऱ्यांत कण असे गोल, टपोरे होतात. हाच तो कॉर्न स्नो!

पहिला टर्न घेतला आणि एज लोण्यात सुरी जावी तशी बसली. पुढचे 900 मीटर गुडघे थरथरेपर्यंत टर्नमागून टर्न, मध्ये दोनदाच थांबलो.

पायथ्याशी मात्र बूट घोट्यापर्यंत जायला लागला होता, खडकांखालून बर्फाची भेंडोळी गडगडत येत होती. ओला बर्फ सुटण्याची ती खूण. पायात जोर होता, तरी दुसरी फेरी सोडली.

डावा टर्न अजून उशिरा येतो. पुढच्या खेपेला पश्चिमेची बाजू धरणार आहे, तिथे ऊन उशिरा पोचतं, म्हणून 4 ला निघेन.